दोघींसाठी मागितलेलं शहाणपण

फोन आला तेव्हा मी बंदराजवळ, द्रोणागिरीच्या गोदामात होतो. गेटवर कंटेनरची रांग लागली होती, एका ट्रेलरवाल्याशी माझी बाचाबाची चालली होती, आणि फोनवरच्या बाई शांतपणे म्हणत होत्या, "सर, तुमच्यासाठी मुलं आहेत."

"मूल म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही सर, मुलंच. दोन मुली. सख्ख्या बहिणी आहेत. थोरली आठ वर्षांची, धाकटी चार पूर्ण."

मी ट्रेलरवाल्याला हातानेच 'जा बाबा' केलं आणि गोदामाच्या मागे, जिथे जरा सावली असते तिथे जाऊन उभा राहिलो. बाई दत्तक संस्थेतल्या समाजसेविका होत्या. आम्ही नवराबायको बरीच वर्षं एका मुलासाठी थांबलो होतो. सुरुवातीला आम्हाला अगदी तान्हं बाळ हवं होतं. रांग हलेना, तेव्हा याच बाईंनी सुचवलं होतं की जरा मोठ्या मुलांचाही विचार करा. आम्ही हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं होतं, भावंडं असली तर? बायको लगेच म्हणाली होती, "चालतील." मी मान डोलावली होती. खरं सांगायचं तर तसा प्रसंग येईल असं मला वाटलंच नव्हतं.

"तुमची तयारी आहे की नाही ते लवकर कळवा," बाई म्हणाल्या. "विचार करून सांगा, पण फार दिवस मला थांबता येणार नाही. या दोघींना याआधी एक कुटुंब बघून गेलंय."

मी गोदामात सुपरवायझर आहे. कुठला माल कुठे उतरवायचा, कुठला आधी बाहेर काढायचा, कुणाला थांबवायचं आणि कुणाला सोडायचं, हे दिवसभर मीच ठरवतो. पटकन ठरवायची मला सवय आहे आणि माझं बहुधा चुकत नाही. पण त्या दिवशी कंपनीच्या बसमधून नेरूळला परत येताना मला काही म्हणता काही ठरवता येईना. एक मूल आलं असतं तर ते आमच्यात मावलं असतं. दोघी बहिणी येणार म्हणजे एक अख्खं घर दुसऱ्या घरात राहायला येणार, असं मला वाटत होतं. आणि आठ वर्षांच्या मुलीला सगळं आठवत असतं.

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती घरी येऊन कणीक मळत होती. मी बूट न काढताच तिला सांगितलं.

"दोघी?" ती म्हणाली आणि हसली. मग कणकेच्या हातांनीच खुर्चीत बसली. मग म्हणाली, "चल, आधी प्रार्थना करू."

आमच्या घरात ते नवीन नव्हतं. माझ्या आईवडिलांपासून आम्ही ख्रिस्ती मंडळीतली माणसं. जेवणाआधी प्रार्थना, प्रवासाआधी प्रार्थना, परीक्षेआधी प्रार्थना, असंच माझं बालपण गेलं. मी डोळे मिटले आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली. "प्रभू, होय की नाही ते आम्हाला सांग. काहीतरी खूण दे. उद्या सकाळी मी उठायच्या आत मला स्पष्ट कळू दे."

आमेन म्हणायच्या आधीच बायकोने डोळे उघडले. "तू देवाला डेडलाइन देतोयस?"

"मग काय करू? त्या बाईंना उत्तर द्यायचंय."

"उत्तर आपल्याला द्यायचंय. त्याला नाही."

सकाळी उठलो तेव्हा अर्थातच मला काही कळलेलं नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या सोसायटीत टाकी साफ करायला माणसं आली होती, दूधवाला येऊन गेला होता, आणि आकाशात कुठलीही खूण नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघांनी सुट्टी टाकली आणि आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. आमची मंडळी लहान आहे. रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरते, सतरंज्या आम्हीच घालतो आणि आम्हीच गोळा करतो. पाळक आमच्यापेक्षा वयाने लहान, पण डोक्याने शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "साहेब, देवाची इच्छा काय आहे, हे कसं ओळखायचं?"

ते म्हणाले, "तुम्ही त्याच्याकडे काय मागताय?"

"होय की नाही, एवढंच."

"ते मागू नका, असं मी म्हणणार नाही. मागा. पण मी तुमच्या जागी असतो तर शहाणपण मागितलं असतं. समजा त्याने तुम्हाला 'होय' सांगितलं, तर तुम्ही मुलींना घेऊन याल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली जेवायलाच तयार नसेल, तेव्हा त्या 'होय'चा तुम्हाला काय उपयोग? शहाणपण मागितलंत तर ते आजही कामी येईल आणि त्या दिवशीही."

मग आम्हाला दारापर्यंत सोडायला येताना ते म्हणाले, "आणि आपल्या आजींना भेटा. मी सांगितलं म्हणून सांगा."

आजी म्हणजे आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका. नेरूळलाच नवऱ्याच्या भाचीकडे राहायच्या. पांढरी सुती साडी, डोळ्यांना जाड चष्मा, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं मंडळीच्या रीतीप्रमाणे 'सलाम आजी' म्हणत होतो, त्यांच्या हातचे लाडू खात होतो, पण त्या लहानपणी अनाथ मुलींच्या बोर्डिंगमध्ये होत्या, हे आम्हाला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

"आम्ही दोघी बहिणी होतो," आजी म्हणाल्या. "मी सहाची, ती तीनची. एक चांगलं कुटुंब आलं आणि मला घेऊन गेलं. तिला नाही नेलं. तिची तब्येत नाजूक होती. ज्यांनी नेलं त्यांनी मला फार प्रेमाने वाढवलं हो. शिकवलं, नर्स केलं. त्यांना मी आजही नाव ठेवणार नाही. पण लग्न होईपर्यंत मी अंथरुणात एका बाजूला जागा सोडून झोपायचे. ती तिथे झोपायची ना."

बायकोने त्यांचा हात धरला. मी विचारलं, "मग आम्ही त्या दोघींना आणावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"तसं मी मुळीच म्हणत नाही," आजी ताठ बसून म्हणाल्या. "आणायचं तर दोघींना आणा. झेपणार नसेल तर दोघींनाही नाही म्हणा. आणि नाही म्हणालात म्हणून देव तुमच्यावर रुसणार नाही, हेही मी तुम्हाला खात्रीने सांगते. त्याला त्या मुलींची काळजी तुमच्याआधीपासून आहे."

हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. दोन दिवस मी असं समजत होतो की माझ्या नकाराने त्या मुलींचं वाटोळं होईल आणि त्याचा जाब मला द्यावा लागेल. ती धास्ती गेल्यावरच मला विचार करता यायला लागला.

बायकोने विचारलं, "आजी, तुम्ही प्रार्थनेत कसं विचारता हो देवाला?"

"विचारते कमीच. बसते. मनात जे जे काय आहे ते एकेक काढून त्याच्यापुढे ठेवते. भीती असेल तर ही भीती म्हणून सांगते. हट्ट असेल तर हा हट्ट म्हणून सांगते. लोक काय म्हणतील, ते पण ठेवते. सगळं काढून झालं की मग शांत बसता येतं. तोवर आपणच बडबडत असतो, त्याचं ऐकणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आजींनी सांगितलं तसं करून बघायचं ठरवलं. बायकोने सुरुवात केली. "देवा, मला बाळ हवं होतं. माझ्या कुशीत झोपणारं. ते आता मिळणार नाही, याचं मला वाईट वाटतंय." इतकी वर्षं आम्ही एकत्र प्रार्थना करत होतो, पण हे ती कधी मोठ्याने बोलली नव्हती.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला भीती वाटते की थोरली आम्हाला कधीच आपलं म्हणणार नाही. आम्ही सगळं करू आणि ती आम्हाला परकंच मानेल."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. मी दोन दिवस देवाला जो प्रश्न विचारत होतो, तो त्या मुलींविषयी नव्हताच. त्या माझ्यावर प्रेम करतील का, एवढंच मी विचारत होतो. आठ वर्षांच्या मुलीकडून मला आधीच हमी हवी होती. मी ते तसंच देवापुढे ठेवलं. मग आम्ही गप्प बसलो. कुठलाही आवाज आला नाही, अंगावर शहारे आले नाहीत. पण थोड्या वेळाने मला जे दिसायला लागलं ते अगदी साधं होतं. घरात एक खोली रिकामी आहे. आम्ही दोघं धडधाकट आहोत. आम्हाला रागही आवरता येतो आणि माफीही मागता येते. दोन मुलींना एकत्र राहायला घर हवंय. त्या आम्हाला काय म्हणतील ते त्यांचं त्या ठरवतील.

डोळे उघडून मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मी फोन लावू?"

"लाव."

तो निर्णय बरोबर होता, याविषयी मला त्या क्षणापासून आजपर्यंत कधीच शंका आली नाही. पुढे खूप काही कठीण आलं, पण ती शंका नाही आली.

संस्था घाटावर होती. आम्ही भेटायला गेलो तेव्हा दोघींना एका खोलीत आणलं. थोरली पुढे उभी होती आणि धाकटीला तिने स्वतःच्या मागे दडवलं होतं. धाकटीचा फक्त एक डोळा आणि एक वेणी दिसत होती. थोरलीने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी गुडघ्यावर बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो.

तीच बोलली. "हिला एकटीला नाय ना नेनार?"

"नाही. दोघींना."

"ते पयले आलेले ते हिलाच बघत व्हते."

"आम्ही दोघींना बघायला आलोय," बायको म्हणाली.

थोरलीने मान हलवली, एखाद्या मोठ्या माणसाने व्यवहार ऐकून घ्यावा तशी. मग बहिणीला पुढे ओढून म्हणाली, "हिला सर्दी व्हते. थंड पानी द्यायचं नाय."

काही आठवड्यांनी त्या आमच्या घरी आल्या. धाकटी दुसऱ्याच दिवशी बायकोला 'मम्मी' म्हणायला लागली. ती शेजारच्या काकूंनाही 'मम्मी' म्हणायची आणि वॉचमनच्या बायकोलाही, त्यामुळे आम्ही फार हुरळून गेलो नाही. थोरली बायकोला 'मॅडम' म्हणायची आणि मला काहीच म्हणायची नाही. ती धाकटीला स्वतः आंघोळ घालायची, स्वतः भरवायची, स्वतः झोपवायची. बायको टॉवेल घेऊन गेली तरी बाथरूमचं दार आतून बंद. वेणी घालायला कंगवा घेतला तर थोरली तो हातातून काढून घ्यायची. उद्धटपणे नाही. शांतपणे, 'हे तुमचं काम नव्हे' अशा अर्थाने.

बायकोने लॅबमधून लांब रजा घेतली होती. एका संध्याकाळी ती बाल्कनीत उभी राहून रडली. "मी यांची आई नाही. मी यांची आया पण नाही, आयाला तरी काम करू देतात. मी यांची खानावळवाली आहे."

आम्ही प्रार्थना केली. रोज करतच होतो, पण त्या दिवसांत मागणं एकच होतं. देवा, शहाणपण दे. आणि खरं सांगतो, कितीतरी दिवस काहीच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी न चिडता उठता यायचं, एवढंच. तेव्हा मला ते फारच थोडं वाटायचं. आज वाटतं की त्या दिवसांत तेवढंच लागत होतं.

मग मुंग्यांचा प्रकार झाला. आमच्या मजल्यावर साताऱ्याचं एक कुटुंब राहतं. काकांचा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये फळांचा धंदा, त्यामुळे काकू कधीही रिकाम्या हाताने यायच्या नाहीत. मुली आल्यावर तर चिकू, पेरू, सीताफळं यांची रीघच लागली. एके दिवशी मुलींच्या खोलीत मुंग्यांची रांग दिसली. मी गादी उचलली. खाली चपातीचे वाळलेले तुकडे, अर्धवट खाल्लेले चिकू, बिस्किटं, आणि रुमालात बांधलेला भाताचा गोळा.

थोरली दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. धाकटीला तिने मागे लपवलं होतं, संस्थेत लपवलं होतं अगदी तसंच.

माझ्या तोंडावर आलं होतं, 'अगं, या घरात कुणी उपाशी ठेवतंय का तुला?' माझ्या अंगात सुपरवायझर आहे आणि घाण मला खपत नाही. पण गेले कित्येक दिवस मी सकाळ-संध्याकाळ ज्यासाठी हात पसरत होतो, ते नेमकं तेव्हा कामी आलं असं मी मानतो. तोंड उघडायच्या आधी माझ्या मनात एकच विचार आला, की ही मुलगी चोरी करत नाहीये. ही घर चालवतेय. उद्याची सोय करून ठेवतेय, बहिणीसाठी. आणि इतके दिवस ती हे काम एकटीच करतेय.

मी गादी खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. ती आली, तिने बघितलं, आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. येताना तिच्या हातात घट्ट झाकणाचा स्टीलचा मोठा डबा होता. तिने तो थोरलीपुढे ठेवला.

"हा तुझा. यात तुला हवं ते ठेव. मुंग्या लागणार नाहीत. आम्ही कुणी उघडणार नाही. रिकामा झाला की मला सांग, मी भरून देईन."

थोरलीने डब्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "रात्री पन उघडला तर चालंल?"

"तुझा डबा आहे. केव्हाही उघड."

त्या रात्री झोपायच्या आधी मी बायकोला विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "खोलीत आले तेव्हा मला पण ओरडायचंच होतं."

त्यानंतर आमच्या लक्षात आलं की मागण्यात थोडा बदल करायला हवा. थोरलीकडून आईपण काढून घेण्याचा मार्ग आम्ही शोधत होतो. तिने ते चांगलं निभावलं होतं, हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. एका सकाळी प्रार्थनेनंतर बायको उठून तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "तू हिला इतके दिवस सांभाळलंस. आम्हाला हिच्याबद्दल काहीच माहीत नाही. आम्हाला शिकवशील?"

थोरलीला हे अपेक्षित नव्हतं. तिने बराच विचार केला. मग शिकवायला बसली. धाकटीला भात गार करून द्यायचा. तिला काळोखात एकटीला सोडायचं नाही. ती रडायला लागली तर उचलायचं नाही, पाठ चोळायची. मोठा आवाज झाला की ती कान झाकते, तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे समोर बसून ऐकत होतो. एकदा तिने उलट विचारल्यावर मी चुकीचं सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी ऐकतच नाय नीट." घरात ती माझ्याशी थेट बोलली, ती ही पहिली वेळ.

सकाळच्या प्रार्थनेला दोघी टेबलाशी असायच्या, पण आम्ही त्यांना डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. मंडळीत एक-दोघांनी विचारलं होतं, "मुलींचा बाप्तिस्मा कधी?" बायकोने सांगितलं, "त्या विचारतील तेव्हा." गणपतीत शेजारच्या काकूंनी मुलींना आरतीला बोलावलं. संस्थेत दोघी टाळ्या वाजवून आरती म्हणायच्या, तीच एक ओळखीची गोष्ट त्यांना आमच्या इमारतीत मिळाली होती. मी थोडा घुटमळलो. त्याही बाबतीत देवापुढे बसलो, आणि मला अगदी स्वच्छ वाटलं की यांच्यापासून आणखी काही काढून घ्यायला मला पाठवलेलं नाही. मुली गेल्या आणि मोदक खाऊन आल्या. काकूंनी आमच्यासाठीही डबा भरून दिला. आमचा देव त्याने लहान झाला, असं मला मुळीच वाटलं नाही.

थोरली डोळे उघडे ठेवून आम्हाला प्रार्थना करताना बघायची. एके दिवशी आमेन झाल्यावर तिने विचारलं, "तुमी रोज काय मागता?"

"शहाणपण," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे कुठे काय करावं ते कळायला पाहिजे ना. तुमच्याशी कसं वागायचं, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं."

तिने विचार केला. "अजून दिलं नाय त्यानं?"

बायको जोरात हसली. मी म्हटलं, "देतो. पण रोज लागतं."

"दुधासारखं?"

"अगदी तसंच. कालचं आज चालत नाही."

हे तिला पटलेलं दिसलं. दूध तिच्या ओळखीचं होतं. काही दिवसांनी, आम्ही डोळे मिटलेले असताना, टेबलावर तिचा आवाज आला. "देवा, हिला आकडे येऊ दे. आनि मला राग येतो तो कमी कर." एवढंच बोलली आणि पोहे खायला लागली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचंसुद्धा टाळलं, न जाणो, लाजली तर.

मग एका शनिवारी दुपारी, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी, धाकटीला फुलपाखरू व्हायचं होतं. थोरली तिची वेणी घालत होती आणि रिबिनीचं फूल काही जमत नव्हतं. तिने दोनदा सोडलं, दोनदा बांधलं. मग कंगवा बायकोपुढे धरला आणि म्हणाली, "तुमी घाला."

बायकोने एकदम स्वतःला सावरलं आणि फूल बांधून दिलं. धाकटी आरशाकडे पळाली. थोरली तिथेच उभी राहिली. जागची हलेना. बायकोने विचारलं, "काय गं?"

"माझी पन घाला."

ती बायकोकडे पाठ करून जमिनीवर बसली. मी दारातून बघत होतो. त्या मुलीने इतकी वर्षं दुसरीच्या वेण्या घातल्या होत्या आणि तिचे स्वतःचे केस कापून आखूड ठेवलेले, तेल न लागलेले, मागे नुसते रबरात बांधलेले असायचे. बायको हळूहळू गुंता सोडवत होती. थोरलीने डोळे मिटले होते. वेणी घालून झाली तरी ती उठली नाही. बायकोने विचारलं नाही, उठवलं नाही. सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

आता थोरली कॉलेजच्या वयाची आहे. उंच झालीये, आवाज खणखणीत, आणि घरात सगळ्यात जास्त वाद माझ्याशीच घालते. हँडबॉल खेळते. 'मम्मी' कधी म्हणायला लागली ते आम्हाला नक्की सांगता येत नाही. एकदा भांडणात 'मम्मी, तू मध्ये बोलू नको' असं ओरडली आणि नंतर ते तसंच राहिलं. बाप्तिस्मा तिने स्वतः मागून घेतला. धाकटीने अजून मागितलेला नाही. तिला गणपतीचे मोदक आणि नाताळच्या करंज्या दोन्ही आवडतात आणि तिचं चाललंय ते आम्हाला ठीक वाटतं. आजी मध्यंतरी प्रभूकडे गेल्या. जाण्याआधी त्यांनी दोघींना आपल्या दोन्ही बाजूंना बसवून फोटो काढून घेतला होता.

गेल्या वर्षी थोरलीची पुण्याच्या एका क्रीडा प्रशिक्षण केंद्रात निवड झाली. तिथेच राहायचं, तिथेच कॉलेज. मला खात्री होती की ती नाही म्हणेल. बहिणीला सोडून ती आजवर एक रात्रही कुठे राहिली नव्हती. मी तिला तसं सुचवलंसुद्धा. "नेरूळमध्ये कॉलेजं आहेत की. इथूनच खेळ."

ती म्हणाली, "पप्पा, मला दोन दिवस द्या. आणि तोवर तुमचं मत मला सांगू नका."

ते दोन दिवस तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं. मधूनच बाहेर यायची, जेवायची, पाळकसाहेबांना फोन करायची, कोचशी बोलायची, धाकटीला घेऊन खाली चक्कर मारून यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसून म्हणाली, "मी जाते."

"आणि हिचं?" मी धाकटीकडे बघून विचारलं.

"हिला विचारलं मी. ती म्हणाली, जा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मी असं बसून बसून बघितलं, की मला भीती कसली वाटते. मी गेले तर हिचं कोण बघणार, हीच वाटते. मग मला दिसलं की तुम्ही आहात. आता ती भीती नुसतीच सवय आहे."

बायको उठून गॅसपाशी गेली आणि नसलेला चहा ढवळत राहिली.

जूनच्या सुरुवातीला आम्ही तिला सोडायला गेलो. खोलीत पलंग, कपाट, एक खिडकी. धाकटीने पलंगावर उड्या मारून तो मजबूत आहे की नाही ते तपासलं. बायकोने चादर घातली. निघताना थोरलीनेच आम्हाला मध्ये घेतलं, खांद्यांवर हात टाकले आणि प्रार्थना केली, छोटीशी, घाईघाईची, कारण बाहेर कुणीतरी तिला मैदानावर चल म्हणून हाका मारत होतं. मग ती पळत गेली. वळून हात केला, तोही पळता पळताच.

परतीच्या वाटेवर धाकटी मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. गाडी घाट उतरली. मी गाडी चालवत होतो आणि मन भरलं होतं, पण कुठेही टोचत नव्हतं. पनवेलच्या अलीकडे बायकोने विचारलं, "चहा घ्यायचा का कुठे?"

"घेऊ की," मी म्हटलं आणि गाडी डावीकडे घेतली.